साखरपुड्याचा सुकामेवा स्वस्तातल्या सुपरमार्केटातून आणला तर पाहुणे नाव ठेवतील का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मे महिन्यात तुमच्या भावाचा साखरपुडा आहे. मुलीकडच्या मानाच्या माणसांना सुकामेव्याचे डबे द्यायचे आहेत. आईचं म्हणणं, सोलापूरच्या नवी पेठेतल्या नेहमीच्या दुकानातूनच आणायचे. तुम्ही सुपरमार्केटात काजू किलोमागे दोनशे रुपयांनी स्वस्त पाहिले आणि घरात वाद सुरू झाला. तो माल हलका असतो का, आणि कळलं तर 'डीमार्टातनं उचलून आणलं' म्हणून पाहुणे नाव ठेवतील का, हे तुमचे दोन प्रश्न. केशर आणि ऑलिव्ह तेल तिथून घ्यावं का, हा जाता जाता विचारलेला तिसरा.

मी कोण, तेही सांगते. सोलापुरातल्या एका सुकामेव्याच्या पेढीवर निवडणं-पाखडणं आणि पॅकिंगपासून माझी सुरुवात झाली. पुढे एका सुपरमार्केटसाठी किराणा विभागाची खरेदी पाहिली. आता लग्नाचे आणि दिवाळीचे डबे भरून देण्याचा माझा स्वतःचा धंदा आहे. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला झोडपणार नाही.

तुम्ही आणि आई दोघंही बरोबर आहात, फक्त तुम्ही मालाबद्दल बोलताय आणि त्या मानाबद्दल. मालाचा प्रश्न काट्यावर आणि जिभेवर सुटतो. मानाचा तसा सुटत नाही, म्हणून लोक मालाचं निमित्त करून मानाचं भांडण भांडतात. आपण दोन्ही वेगवेगळे घेऊ.

आधी माल. काजू स्वस्त दिसले की पहिला प्रश्न विचारायचा तो नंबरचा. काजूचा भाव मुख्यतः आकारावर ठरतो. घाऊक बाजारात पत्र्याच्या डब्यावर डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे काजू बसतात तो हा आकडा. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. दुकानदार तुमच्या आईसमोर जो भारी माल काढतो तो बहुधा २१० किंवा २४० असतो. सुपरमार्केटच्या साध्या पाकिटात ३२० निघण्याची शक्यता जास्त, कधी त्याहूनही बारीक. पाकिटावर नुसतं 'काजू' किंवा 'काजू अख्खा' लिहिलेलं असतं आणि आपण दोन वेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी ठेवून बसतो.

घरी तपासायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर १०० ग्रॅम अख्खे काजू काढा आणि मोजा. ६६ ते ७० दाणे आले तर तो ३२०. ४८ ते ५३ आले तर २४०. चाळिशीच्या आत आले तर तुमच्या हातात १८० आहे आणि तो कुणालाही द्या, मान खाली जाणार नाही. मोजताना पाकळ्या आणि तुकडे बाजूला काढा, तेही किती निघतात ते कळेल. रंग पांढरट-हस्तिदंती हवा. तपकिरी छटा असेल तर तो भट्टीत जास्त शेकलेला माल. चवीला वाईट नसतो, पण प्रतीत खाली धरला जातो.

हे मोजून झालं की दोनशेचा फरक कधी कधी साठ-सत्तरवर येतो, कधी तसाच राहतो. तसाच राहिला तर मग सुपरमार्केट खरंच स्वस्त देतंय, आणि त्याला कारणं आहेत. डीमार्टचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे सुपरमार्केट म्हटलं की तेच नाव तोंडात येतं. २००२ साली पवईत दुकान निघालं, तेव्हापासून त्यांचं गणित साधारण तेच आहे. जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. सजावट बेताची. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. माल आला की फिरला पाहिजे. आमच्या पेठेतला व्यापारी मात्र उधारीवर घेतो आणि उधारीवरच देतो. दिवाळीचे पैसे संक्रांतीला आले तरी तो हसून 'असू द्या की वहिनी' म्हणतो. त्या हसण्याचं व्याज कुठेतरी काजूत लागतंच.

माल फिरण्याचा मुद्दा सोलापुरात विशेष महत्त्वाचा. सुकामेव्यात तेल असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की ते तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. पत्र्याचं छप्पर असलेल्या गोदामात फेब्रुवारीपासून पडलेला अक्रोड मे महिन्यात कितीही भारी बरणीतून काढला तरी घशाला खरवडतो. चांगले पेठेतले व्यापारी उन्हाळ्यात माल शीतगृहात ठेवतात आणि लागेल तसा काढतात. जे ठेवत नाहीत त्यांच्याकडचा मोठा काजूसुद्धा मी घेत नाही. ज्या दुकानात रोज शेकडो पाकिटं जातात तिथे शिळं राहण्याची भीती त्या मानाने कमी.

पण पाकिटावरची पॅकिंगची तारीख म्हणजे मालाचं वय नाही, हेही लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियाचा बदाम ऑगस्ट ते ऑक्टोबरात झाडावरून उतरतो आणि पुढे वर्षभर विकला जातो. 'पॅक केल्याची तारीख : एप्रिल' एवढं वाचून तो ताजा समजू नका. एक पाकीट आणा, बदाम मधोमध मोडा, मोडलेल्या भागाचा वास घ्या, मग चावून गिळा आणि अर्धा मिनिट थांबा. खवटपणा जिभेला उशिरा कळतो, आधी घशाला कळतो.

आता पाकिटावर दाखवलेल्या सवलतीबद्दल. एमआरपी १२५०, आमचा भाव ७९९, असं पाकिटावर दिसलं की वाटतं लॉटरी लागली. सुकामेव्यात एमआरपी ही पॅकिंग करणाऱ्याने छापलेली वरची मर्यादा. ती कितीही वर ठेवता येते, आणि कापून दाखवायला वर ठेवली जातेच. खोडलेल्या आकड्याकडे बघूच नका. १०० ग्रॅमला किती पडतं एवढंच पाहा. २०० ग्रॅमचं पाकीट आणि २५० ग्रॅमचं पाकीट शेजारी शेजारी सारख्याच उंचीचं ठेवलेलं असतं, तिथे भले भले फसतात.

स्वस्तातल्या दुकानाला भारी माल ठेवायची गरज काय, असंही तुम्हाला वाटेल. साखर, तेल, डाळ यांचा भाव सगळ्या गावाला पाठ असतो, त्यामुळे त्यात दुकानाला फारसं सुटत नाही. पिस्ता, अंजीर, परदेशी चॉकलेट यांचा भाव कुणाला पाठ नसतो, तिथे दोन पैसे सुटतात. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. युरोपात हा खेळ आपल्या आधीपासून चाललाय. आल्डी आणि लिडल या दोन जर्मन साखळ्या, मोजक्याच वस्तू खोक्यांतूनच मांडून स्वस्त विकणाऱ्या. आल्डी ब्रिटनमध्ये १९९० ला गेली, लिडल १९९४ ला. सुरुवातीला तिथल्या बऱ्या घरच्या लोकांना त्यांची पिशवी हातात धरायची लाज वाटायची. मग नाताळाच्या तोंडावर गोठवलेलं लॉबस्टर, शॅम्पेन, वाळवलेलं मांस असा माल परवडणाऱ्या भावात येऊ लागला. २००८ च्या मंदीनंतर तर मोटारवाले उघड यायला लागले. लॉबस्टर घ्यायला आलेला माणूस दूध, अंडी आणि साबणही घेऊन जायचा, आणि घरी पाहुण्यांना 'अहो, हे लिडलचं आहे!' असं अभिमानाने सांगायचा.

तो अभिमान आपल्याकडे अजून अर्धाच आलाय. सोलापुरात 'किती स्वस्त मिळालं' हे आपण मैत्रिणीला सांगतो, शेजारणीला सांगतो. विहिणीला नाही सांगत. इथे तुमचा मानाचा प्रश्न येतो आणि माझ्या मते खरं उत्तरही इथेच आहे.

सुपरमार्केटच्या आधीचं दुकान आठवा. काउंटरच्या पलीकडे शेठ, अलीकडे आपण. डॉक्टर, वकील, कारखानदारांच्या घरच्या बाईला खुर्ची, पाणी, चवीला दोन पिस्ते. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईला पन्नास ग्रॅम चारोळी आणि पन्नास ग्रॅम पिस्ता हवा असायचा, शिरखुर्म्यासाठी. तिला 'थांबा जरा' ऐकावं लागायचं. कधी कधी मागायच्या आधीच भाव सांगितला जायचा, म्हणजे तिने परत जावं. पेढीवर मी हे रोज बघायची. सुपरमार्केट आलं आणि तो काउंटरच गेला. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात विड्या वळणारी बाई छोटं पाकीट स्वतः उचलते, उलटंसुलटं करून बघते, परत ठेवते, दुसरं घेते. कुणी विचारत नाही. बिलाच्या रांगेत तिच्या पुढे कारखानदारीण असते आणि दोघींच्या ट्रॉलीत तोच पिस्ता असतो, तोच ब्रँड, फक्त वजन वेगळं.

गरिबाला यात मान मिळाला. बड्या घराला मात्र काहीतरी गमावल्यासारखं वाटतं. खुर्ची गेली, चव गेली, 'तुमच्यासाठी खास आतून काढतो' हे वाक्य गेलं. तुमच्या आईंना जे नकोसं वाटतंय ते काजूचं नाही, असा माझा अंदाज आहे. त्या दुकानात त्यांना नावाने ओळखतात. ती गोष्ट खरी आहे, तिला हसू नका.

भेटवस्तूच्या बाबतीत आणखी एक बारीक मुद्दा आहे, आणि तो मला धंद्यात शिरल्यावरच नीट कळला. सुपरमार्केटच्या मालाला कमीपणा येतो तो हलकेपणामुळे नव्हे. त्याचा भाव सगळ्यांना माहीत असतो, म्हणून येतो. मुलीची मावशी परवाच त्याच कप्प्यासमोर उभी राहून तेच पाकीट बघून आलेली असते. डबा उघडल्या उघडल्या तिच्या डोक्यात आकडा येतो. पेठेतल्या दुकानाच्या डब्याचा आकडा येत नाही, कारण तिथला भाव घासाघिशीचा, ओळखीचा. द्यायच्या वस्तूची किंमत झाकलेली असावी, ही आपली जुनी रीत आहे. चांदीच्या वाटीवरची चिठ्ठी काढूनच आपण ती देतो ना? तोच नियम काजूला.

त्यामुळे माझा सल्ला असा : माल कुठूनही घ्या, पण पाकीट म्हणून देऊ नका. सुट्ट्या मालाच्या नंबरानुसार खरेदी करा आणि स्वतः डबे भरा. प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चार कप्प्यांचे डबे पॅकिंगच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. आत तेल न शोषणारा कागद घाला. लोक पेठेतल्या नावाजलेल्या दुकानाचा रिकामा खोका मागून आणतात आणि त्यात दुसरीकडचा माल भरतात, तेवढं मात्र करू नका. माझ्याकडेही येतात विचारायला, मी देत नाही. माल खराब निघाला तर बदनामी तिसऱ्याचीच होते, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी त्या दुकानात 'परवाचे काजू फार छान होते' म्हणून सांगायला गेलं की तुमचं पितळ उघडं.

डब्यात काय घालायचं, तर काजू २४० किंवा जमलं तर २१०. पाव किलो मोठे काजू अर्धा किलो बारीक काजूंपेक्षा डब्यात भारदस्त दिसतात. बदाम कॅलिफोर्नियाचाच चालेल. मामरा जातीचा बदाम त्याच्या कितीतरी पट महाग असतो आणि दिसायला वेडावाकडा असल्यामुळे ज्यांना माहीत नाही त्यांना तोच हलका वाटतो! अंजीर आणि जर्दाळू बहुतेक अफगाणिस्तानचे असतात. तिकडची वाट अडली की भाव चढतो, म्हणून ते शेवटी ठरवा.

बेदाण्याला मात्र सुपरमार्केटात जाऊ नका. पंढरपूर आणि तासगावचे बेदाण्याचे सौदे आपल्या हाताशी आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं वाळवायच्या शेडवर बेदाणा तयार होतो, म्हणजे मे महिन्यात नवा माल तुमच्यासमोर आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे ओळखीचा बागायतदार असेल तर लांबट, पातळ सालीचा, हिरवट-पिवळा बेदाणा निवडून आणा. फार एकसारखा चकचकीत हिरवा असेल तर गंधकाची धुरी जास्त दिलेली असते, वास घेऊन बघा, नाकाला झोंबतो. पाकिटात बंद होऊन ब्रँड लागला की हाच बेदाणा बराच महाग होतो. आणि विहिणीला 'आमच्याकडच्या बागेतला' म्हणून दिलेल्या बेदाण्याची किंमत कुणी काढत नाही.

यावरून आठवलं म्हणून सांगते. भारी आणि हलकं हे किती फिरतं बघा. आमच्या लहानपणी पाहुण्यांना चपाती आणि घरच्यांना भाकरी. चपाती म्हणजे मान. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कडक भाकरी पाकिटात बसून पुण्या-मुंबईच्या भारी दुकानांत गेली, आणि लाकडी घाण्याचं करडईचं तेल सुपरमार्केटात ऑलिव्ह तेलाच्या शेजारी उभं राहिलं. एकेकाळी शेतकऱ्याच्या घरातलं म्हणून नाक मुरडलेलं तेल ते. तुमच्या पाहुण्यांकडे कुणी पुण्या-बंगळूरचे असतील तर सुकामेव्याच्या डब्याबरोबर शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं एक पुडकं द्याच. काजू विसरतील, ते विसरणार नाहीत.

केशर. सुपरमार्केटात केशर घ्यायला माझी हरकत नाही, पण बंद डबीवर प्रत आणि मूळ ठिकाण वाचून. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'काश्मिरी' लिहिलेलं असेल आणि भाव शेजारच्या इराणी केशराहून कमी असेल तर ठेवून द्या. कोमट पाण्यात दोन काड्या टाकून बघा. खऱ्या केशराचा रंग हळूहळू पिवळा उतरतो आणि काडी लालच राहते. लगेच लाल रंग सुटला आणि काडी पांढरी पडली तर ते रंगवलेलं. साखरपुड्याला द्यायचं असेल तर एक ग्रॅमची डबी पुरे, ती जशीच्या तशी दिलेली चालते. केशराच्या बाबतीत ब्रँडचं झाकण हाच पुरावा असतो.

ऑलिव्ह तेल स्वतःच्या घरासाठी घेत असाल तर बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' की 'पोमास' ते बघा. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत असावी लागते. पोमास म्हणजे पहिलं तेल निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून काढून शुद्ध केलेलं, म्हणून स्वस्त. तळणीला ते चालतं, पण 'ऑलिव्ह' शब्दाला भुलून चौपट पैसे देऊ नका. बाटली गडद काचेची हवी, आणि कप्प्यात ट्यूबलाइटच्या अगदी समोर उभी असलेली पुढची बाटली न घेता मागची घ्या. भेट म्हणून मात्र देऊ नका. सोलापुरात निम्म्या घरांत ती बाटली वर्षभर कपाटात दिसायला राहते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. डबे दहा-बारा असतील तर सरळ आईंच्या दुकानातून घ्या, फरकाची रक्कम किरकोळ आहे आणि घरात शांतता राहील. पन्नासच्या वर असतील तर फरक जाणवतो. अशा वेळी दुकानदाराकडे जाऊन नंबर बोला : 'दोनशेचाळीस पांढरा अख्खा, दहा किलो, रोख, काय लावता?' नुसते 'चांगले काजू द्या' म्हणणाऱ्याला एक भाव असतो आणि नंबर बोलणाऱ्याला दुसरा. पुष्कळदा तो सुपरमार्केटच्या जवळ येतो, आणि न उघडलेले किलो परत घ्यायलाही तयार होतो. आधी ठरवून घ्या. ही सोय मोठ्या दुकानांत मिळेलच असं नाही. पाहुणे व्यापारी असतील तर तेही नंबर ओळखतात, तिथे ३२० घालून पैसे वाचवू नका. नोकरदार घर असेल तर डब्याची मांडणी आणि ताजेपणा जास्त बघितला जातो.

मे महिना आहे म्हणून वेळेचं सांगते. खरेदी आठ-दहा दिवस आधी, त्याआधी नको. माल हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये किंवा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. डबे आदल्या दिवशी संध्याकाळी भरा आणि सकाळी न्या. बंद गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेत तर कार्यालयात पोहोचेपर्यंत काजूला तेल सुटेल आणि डब्यातलं चॉकलेट पातळ होईल. शक्य असेल तर मे महिन्यात डब्यात चॉकलेट घालूच नका.

आईंना एकदा दोन्हीकडचे १०० ग्रॅम काजू ताटात ओतून मोजायला लावा. त्यानंतर त्या जे ठरवतील ते माझ्या मते चालेल. डबे किती आणि एका डब्याला किती खर्च करायचा आहे ते कळवलंत, तर प्रत्येक कप्प्यात किती ग्रॅम काय बसेल त्याचा हिशोब करून देते.